‘कर’ म्हणावे की ‘असावे’ म्हणावे?

संगणकाचा विषय निघाला की कला शाखेच्या विद्यार्थ्याने मान खाली घालावी, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे पडून गेला आहे. तो प्रांत विज्ञानवाल्यांचा, फार तर वाणिज्यवाल्यांचा. आपण आपले कविता, इतिहास आणि समाजशास्त्राची टिपणे यांत रमावे, असे आपले आपणच ठरवून टाकले आहे. परंतु संगणकाच्या जगात गेली काही वर्षे एक वाद असा चालू आहे की, त्यात बोलण्याचा अधिकार मराठी व्याकरणाचा तास मन लावून ऐकलेल्या विद्यार्थ्यालाही असावा. यंत्राकडून काम करून घेताना त्याला ‘हे कर, मग ते कर’ अशी आज्ञा द्यावी, की ‘शेवटी असे असावे’ एवढेच सांगून थांबावे, असा तो वाद आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर आज्ञार्थ बरा की विध्यर्थ बरा? याचे उत्तर शोधायचे तर प्रश्न कोठून उपजला ते आधी पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे ‘क्लाउड’कडे वळणे भाग आहे.

ढग म्हटला की आपल्या भागातला माणूस आधी वर बघतो आणि मग वावरातल्या कपाशीकडे. हा ढग मात्र आकाशात नसतो. एका इमारतीत हजारो संगणक रांगेने मांडलेले, त्यांना अखंड वीज आणि गारवा पुरवलेला, आणि त्यांतली शक्ती ज्याला हवी त्याला, हवी तेवढा वेळ भाड्याने दिलेली, असा हा व्यवहार आहे. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर नाही तो नांगरणीपुरता भाड्याने आणतो, त्यातलाच हा प्रकार. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच अशी केंद्रे सुरू केली. महाराष्ट्र शासनानेही जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले. आज गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते, ७/१२ चा उतारा डिजिटल स्वाक्षरीने निघतो, पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर होते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो. यांतले कोणते काम कोणत्या इमारतीतल्या संगणकावर चालते, हा भाग वेगळा. परंतु दूर कोठेतरी संगणकांची मांडणी नीट राहिली तर आपला कागद निघतो, आणि बिघडली तर राळेगावच्या माणसाला हात हलवत परत फिरावे लागते, एवढे खरे. तेव्हा ‘आपला याच्याशी काय संबंध?’ असे म्हणण्याचे दिवस संपले आहेत.

आता हे भाड्याचे संगणक मांडायचे कसे? किती यंत्रे, कोणत्या आकाराची, माहितीची साठवण कोठे, कोणते दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हे सारे कोणीतरी ठरवावे लागते. सुरुवातीला हे काम माणूस पडद्यासमोर बसून, एकेक बटण दाबून करी. काम होई, पण काय केले, कोणत्या क्रमाने केले, का केले, याची लेखी नोंद राहत नसे. करणारा नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाई. हा तोंडी व्यवहार होता, आणि तोंडी व्यवहाराने घराघरांत काय होते हे आपल्याला सांगायला नको. म्हणून ही सारी मांडणी कागदावर, म्हणजे संगणकाच्या साध्या मजकुराच्या फायलीत, लिहून काढावी आणि त्या लेखावरून यंत्रणा आपोआप उभी राहावी, असा विचार पुढे आला. ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच. या विचाराला काही कालचा म्हणता येणार नाही. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ नावाचे साधन तयार केले, तेव्हापासून तो वाढत आला. ॲमेझॉनचे ‘क्लाउडफॉर्मेशन’ २०११ चे, हॅशिकॉर्प या कंपनीचे ‘टेराफॉर्म’ २०१४ चे. आणि ज्यांच्यामुळे आजचा वाद रंगला ती ‘पुलुमी’ व ॲमेझॉनचीच ‘सीडीके’ ही साधने अनुक्रमे २०१८ व २०१९ ची.

लिहावे, याबद्दल आज फारसे दुमत उरलेले नाही. दुमत आहे ते कोणत्या भाषेत लिहावे याबद्दल.

व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेली ही यादी येथे तंतोतंत उपयोगी पडते.

प्रथम आज्ञार्थ घेऊ. नवा सालदार ठेवला की मालकाला एकेक गोष्ट सांगावी लागते. ‘बैल सोड, पाणी दाखव, डवरा जुंप, पहिले तास इकडून घे.’ सांगितले तेवढे तो करतो. बैल आधीच सोडलेले असले तर तो गोठ्यात जाऊन घोटाळतो आणि पुढचे विचारायला परत येतो. यंत्राला अशी आज्ञांची माळ लिहून देणे ही सर्वांत जुनी रीत होय. तिच्यात मोठा दोष हा की, आज्ञा मध्येच तुटली तर पुढे काय, हे तिला ठाऊक नसते. रांजणात चार घागरी पाणी टाक, असे सांगितले आणि दोन घागरींनंतर कोणी हाक मारली, तर परत आल्यावर दोन टाकायच्या की चार? पुन्हा पहिल्यापासून आज्ञा पाळली तर पाणी उतू जाणार.

आता विध्यर्थ पाहा. दहा वर्षांच्या जुन्या सालदाराला मालक एवढेच म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत खालचे वावर डवरून झालेले असावे.’ कसे, कोठून, किती वेळात, हे तो पाहून घेतो. ‘रांजण गळ्यापर्यंत भरलेला असावा’ असे म्हटले की आधी किती पाणी आहे ते बघणे ओघानेच आले. उणे असेल तेवढेच भरायचे, भरलेला असेल तर काहीच करायचे नाही. हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले तरी पाणी सांडत नाही. टेराफॉर्म किंवा क्लाउडफॉर्मेशन यांची रीत ही अशी आहे. ‘तीन यंत्रे असावीत, त्यांना हे नाव असावे, बाहेरचे दार बंद असावे’ असे लिहायचे. पुढची धावपळ साधनाने करायची. मात्र जुना सालदार शहाणा असतो म्हणून हे साधते, हे विसरता कामा नये. ‘असावे’ या एका शब्दाखाली त्या साधनाच्या कर्त्यांनी लिहिलेले हजारो ‘कर’ दडलेले असतात. आज्ञार्थ नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या डोळ्यांआड जातो.

उणे किती ते बघायचे म्हणजे सध्या काय आहे ते माहीत हवे. येथे स्वार्थ येतो: ‘आहे’. टेराफॉर्म आपल्याजवळ एक वही बाळगते. कोणते यंत्र आपण उभारले, त्याचा क्रमांक काय, आकार काय, हे सारे त्या वहीत लिहिलेले असते. आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर ही वही म्हणजे यंत्रांचा ७/१२ होय. अमुक गटाचे क्षेत्र इतके आहे, खातेदार अमुक आहे, पीक अमुक आहे, असे तो उतारा स्वार्थात सांगतो. परंतु उताऱ्यावरचे ‘आहे’ आणि वावरातले ‘आहे’ नेहमी एकच असते काय? धुरा हातभर सरकलेला असतो. वाटणी घरात झालेली असते पण कागदावर नसते. कसणारा एक आणि नाव दुसऱ्याचे असते. यंत्रांच्या जगातही तसेच घडते. मध्यरात्री काही अडले, कोणी घाईने पडद्यावर बटण दाबून दुरुस्ती केली आणि लेखात लिहायचे राहून गेले, की कागद आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले. पुढच्या वेळी साधन लेख वाचते, ‘असे असावे असे येथे लिहिले आहे’ म्हणते आणि रात्रीची दुरुस्ती पुसून टाकते. ज्या गोष्टीची वहीत नोंदच नाही ती तर त्याला दिसतही नाही. जमीन कसूनही ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, त्याची कचेरीत जी गत होते तीच.

नावाचा तर आणखी एक गमतीदार, पण महागात पडणारा प्रकार आहे. लेखात एखाद्या यंत्राचे नाव नुसते सुधारून लिहिले, तर साधन समजते की जुने यंत्र आता नको आणि एक नवे हवे. म्हणजे जुने मोडायचे, नवे उभारायचे. जुन्यातली माहिती गेली तर गेली. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला कागदाने ‘ती तुम्ही नव्हेच’ म्हणावे, तसे हे आहे. आपल्याकडे त्यासाठी फेरफाराची नोंद असते: ही तीच व्यक्ती, नाव तेवढे बदलले. टेराफॉर्मला अशी नोंद करण्याची सोय लेखातच मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात. गावगाड्याने जी गोष्ट अनुभवातून कधीच ओळखली होती, तिथे पोचायला या साधनाला सात वर्षे लागली. या गोष्टीचा आपण अभिमान बाळगावा असे नव्हे. परंतु ‘कागद आणि माणूस’ हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

फेरफाराच्या पद्धतीत अजून एक मोलाची गोष्ट आहे. गाव नमुना ६ मध्ये नोंद झाली म्हणजे काम संपत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ७/१२ वर बदल उतरतो. विध्यर्थी साधनांनी हीच रीत उचललेली दिसते. काही करण्यापूर्वी ती एक यादी समोर ठेवतात: इतकी यंत्रे नवी येतील, इतकी बदलतील, इतकी मोडली जातील, संमती आहे काय? ही यादी दुसऱ्या माणसाने वाचावी, हरकत घ्यावी, मग काम व्हावे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला अत्यंत महत्त्वाचा शोध कोणता असेल तर हा. सर्व बदल घडण्याआधी वाचता येतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग वाद उरतोच कोठे? विध्यर्थाचा विजय झाला. तसे नाही. संकेतार्थ अजून बोललेला नाही, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

समजा, राज्यातल्या ३६ जिल्ह्यांसाठी प्रत्येकी एक सारखी मांडणी करायची आहे. निव्वळ विध्यर्थाने लिहायचे तर तेच वर्णन ३६ वेळा उतरवून काढावे लागेल. उतरवताना सतराव्या जिल्ह्यात एक ओळ सुटली, तर ती कोणाच्या ध्यानात येणार? शिवाय पुढे एक दुरुस्ती करायची म्हटली की पुन्हा ३६ जागी हात लावणे आले. याउलट, ‘प्रत्येक जिल्ह्यासाठी असे कर, जर जिल्हा मोठा असेल तर दोन यंत्रे दे, नाही तर एक’ असे जर-तर घालून एकदाच लिहिले की काम झाले. पुलुमी आणि सीडीके यांचा पुरस्कार करणारे हे सांगतात. ते म्हणतात, पायथॉन किंवा टाइपस्क्रिप्ट यांसारख्या भाषा आम्हाला येतात. त्यांत लिहिलेले आम्ही आधी तपासून पाहू शकतो. मग केवळ यादी करण्यापुरती एक वेगळी बोली आम्ही का शिकावी? तीही एका कंपनीच्या मालकीची! या शेवटच्या आक्षेपात तथ्य होते, हे पुढे दिसून आले. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मच्या वापराचा परवाना बदलून त्यावर बंधने घातली. तेव्हा नाराज मंडळींनी आधीच्या मुक्त प्रतीवरून ‘ओपनटोफू’ नावाची वेगळी चूल मांडली आणि लिनक्स फाउंडेशनने तिला आश्रय दिला. खुद्द हॅशिकॉर्प २०२५ मध्ये आयबीएमने विकत घेतली.

संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा भेद आणखी लवकर कळेल. शब्दरूपावलीत ‘देव’ शब्दाची सारी रूपे ओळीने छापलेली असतात. कोणीही बोट ठेवून ताडून पाहावे. पाणिनीने मात्र रूपे छापली नाहीत. सुमारे चार हजार सूत्रे रचली आणि त्यांतून लागेल ते रूप सिद्ध करून घ्यावे अशी व्यवस्था केली. रूपावली लांब पण उघडी. सूत्रे आखूड पण त्यांतून रूप काढायला वैयाकरण हवा. कोणी म्हणणार नाही की रूपावली पाणिनीहून श्रेष्ठ आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री आपण काय उघडतो?

येथे न्यायाला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सीडीके किंवा पुलुमी यांना आज्ञार्थी म्हणणे बरोबर नाही. सीडीकेमध्ये लिहिलेली आज्ञावली चालवली की तिच्यातून क्लाउडफॉर्मेशनचा लेख, म्हणजे ‘असावे’ची यादीच, बाहेर पडते, पुलुमीही हवी असलेली स्थिती आधी गोळा करते आणि असलेल्या स्थितीशी ताडून पाहते. म्हणजे सूत्रांतून रूपावली छापून घ्यायची आणि मग ती अमलात आणायची, असा हा मार्ग आहे. दुसरीकडे निव्वळ यादीवाल्यांनाही ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘जर’ यांवाचून राहवले नाही. टेराफॉर्मच्या बोलीत हळूहळू हे सारे शिरले. त्यातही एक मासलेवाईक घोटाळा होता. अनेक सारखी यंत्रे मागताना त्यांना क्रमांक पडत. मधले एक वगळले की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकत आणि साधन ती धडधाकट यंत्रेही बदलायला किंवा मोडायला निघे. वर्गातून तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा गेला म्हणून चौथ्यापासून साऱ्यांचे हजेरी क्रमांक बदलावेत आणि त्याबरोबर त्यांचे गुणही खालीवर व्हावेत, तसे हे होई. २०१९ मध्ये क्रमांकाऐवजी नावाने मोजण्याची सोय झाली, तेव्हा हा त्रास टळण्याचा मार्ग निघाला.

अशा रीतीने दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंगणात येऊन पोचले आहेत. मग निवड कशाच्या आधारे करावी? ‘लिहिणाऱ्याला काय सोपे?’ हा प्रश्न दोन्हीकडचे लोक हिरिरीने विचारतात. मला वाटते, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात आहे. यंत्रणा एकदा लिहिली जाते आणि वर्षानुवर्षे वाचली जाते; लिहिणारा एक असतो, वाचणारे अनेक असतात, आणि त्यांतले बहुतेक त्या लिहिणाऱ्याला कधी भेटलेलेही नसतात. म्हणून ‘वाचणाऱ्याला काय कळेल?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या कसोटीवर मी विध्यर्थाच्या बाजूने उभा आहे. ‘माहितीच्या कोठाराच्या दोन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात’ हे वाक्य अभियंता नसलेला अधिकारीही वाचू शकतो आणि विचारू शकतो की दुसरी प्रत कोठे आहे? हीच गोष्ट सहा फायलींत पसरलेल्या जर-तरमध्ये गुंडाळली, तर ती खरोखर घडते की नाही हे सांगायला लिहिणाऱ्यालाच बोलवावे लागते. शिवाय पूर्ण आज्ञावलीला सारे काही करता येते. ती घड्याळ पाहू शकते, दुसऱ्या संगणकाला विचारू शकते, आणि आज एक तर उद्या दुसरीच यादी छापू शकते. कागद तोच, अर्थ मात्र रोजचा वेगळा. ज्या लेखाचा अर्थ तो चालवल्याशिवाय कळत नाही, त्याला सार्वजनिक दस्तऐवज कसे म्हणावे?

आज्ञेचा धोका किती मोठा असू शकतो याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथे ॲमेझॉनच्या साठवण-सेवेतील काही थोडी यंत्रे बाजूला काढण्याची आज्ञा एका कर्मचाऱ्याने दिली. आज्ञा नेहमीची होती, देणारा अधिकारी माणूस होता. फक्त तिच्यातला एक तपशील चुकीचा टंकला गेला. थोड्याऐवजी पुष्कळ यंत्रे निघाली आणि सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे पांगळी झाली. त्यानंतर ॲमेझॉनने काय केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यंत्रे सावकाश निघावीत आणि कोणत्याही विभागातली यंत्रे ठरावीक किमान संख्येखाली जाऊ नयेत, असा निर्बंध त्यांनी साधनातच घातला. म्हणजे आज्ञेला आवर घालण्यासाठी शेवटी एक ‘असावे’च आणावे लागले.

परंतु विध्यर्थ लिहिला की निर्धास्त झोपावे, असेही नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन संस्थेची गूगलच्या क्लाउडवरील एक मांडणी एकाएकी पुसली गेली. कारण काय, तर ती उभारताना गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ साधनाने ‘एक वर्षाची मुदत’ असा घेतला आणि वर्ष सरताच मांडणी आपोआप मोडली. सहा लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपल्या खात्यात डोकावता आले नाही. दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवलेल्या होत्या म्हणून पुढे सारे सावरले. अर्जातला रिकामा रकाना काय करू शकतो, हे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या आपणा सर्वांना वेगळे सांगायला नको. जे लिहिले नाही तेही यंत्र वाचते आणि आपल्या समजुतीने भरून काढते. म्हणून ‘असावे’ म्हणताना काय नसावे, काय कधीच मोडू नये, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. टेराफॉर्म आणि क्लाउडफॉर्मेशन या दोन्हींत तशी सोय आहे. वापरणाऱ्याने आळस केला नाही म्हणजे झाले.

माझे मत थोडक्यात असे आहे. ज्या गोष्टींवर पुष्कळांचा निर्वाह अवलंबून आहे, म्हणजे नोंदींची कोठारे, त्यांच्या प्रती, दारे आणि कुलपे, त्या साध्या विध्यर्थात, लांबट झाल्या तरी चालतील, पण उघड लिहाव्यात. जिथे एकच गोष्ट पुन:पुन्हा करायची आहे तिथे संकेतार्थाला जरूर बोलवावे. ३६ वेळा तेच लिहिण्यात काही पुण्य नाही. मात्र त्या आज्ञावलीतून निघालेली अंतिम यादी जपून ठेवावी, आणि ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी वाचून हरकत-नाहरकत नोंदवल्याशिवाय एकही यंत्र हलू नये. निकडीच्या वेळी आज्ञार्थ वापरावा लागतो, हेही मान्य. आग लागली असता ‘विहिरीवर माणसे असावीत’ असे कोणी म्हणत बसत नाही. परंतु आग विझल्यावर जे केले ते दुसऱ्याच दिवशी लेखात उतरले पाहिजे, नाही तर धुरा सरकला तो सरकलाच.

याला कोणी गावंढळ सावधगिरी म्हणतील. चपळ आणि हुशार माणसाच्या पायात ही बेडी कशाला, असे विचारतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हुशार माणूस बदलून जातो आणि यंत्रणा मागे राहते. तिच्यावर ज्याचा कागद अवलंबून आहे तो शेतकरी, ती विधवा, तो विद्यार्थी यांच्यापैकी कोणीही तिच्या लेखकाला ओळखत नाही. त्यांच्या वतीने निदान दुसऱ्या एका माणसाला तो लेख वाचता यावा, ही मागणी अवाजवी नाही.

आणि वाचणे हे तर आपल्या शाखेचे काम आहे. वाक्यात काय म्हटले आहे, काय गृहीत धरले आहे, काय गाळले आहे, हे ओळखायला आपण तीन वर्षे शिकतो. आपल्या तालुक्यातून पुण्या-मुंबईला जाणारी मुले या कामांवर जातात तेव्हा ‘बी.ए. झालेल्याचे येथे काय?’ असे त्यांना ऐकावे लागते. त्यांनी संगणकाची भाषा शिकावीच, ती शिकण्याला पर्याय नाही. पण आपल्या शिक्षणातले काहीच उपयोगाचे नाही असे मानून मात्र जाऊ नये. प्राध्यापकवर्गाला एक विनंती करून थांबतो. पुढील वर्षी क्रियापदाचे अर्थ शिकवताना मराठी विभाग आणि संगणक कक्ष यांनी मिळून एखादा तास घ्यावा. फळ्याच्या एका बाजूला ‘रांजण भरलेला असावा’ हे वाक्य लिहावे, दुसऱ्या बाजूला टेराफॉर्मचा पाच ओळींचा लेख लिहावा, आणि कोणाला काय कळते ते मुलांनाच सांगू द्यावे.